मास्कमुळे माझा व्हीओटू मॅक्स कमी आला का?

आधी प्रश्न थोडक्यात. (व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून धावताना शरीर मिनिटाला, वजनाच्या दर किलोला, जास्तीत जास्त किती मिली ऑक्सिजन वापरतं तो आकडा.) ठाण्याचे एक धावक विचारतात: "वय ४१, वजन ६८ किलो. १० किमी ४४ मिनिटांत होतात. घड्याळ व्हीओटू मॅक्स ५० दाखवतं. मुद्दाम पैसे भरून ट्रेडमिलवर मास्क लावून चाचणी केली, तर रिपोर्टात ४१! ताशी १५ किमीच्या टप्प्यावर थांबलो. मास्कमध्ये जीव घुसमटत होता, चष्म्यावर सारखी वाफ धरत होती, शेवटी चष्मा काढून दिला. मास्कच्या अडथळ्यामुळे आकडा इतका खाली येतो का? की घड्याळच खोटं बोलतंय?" सोबत रिपोर्टातले आकडे दिलेत: १ टक्का चढावर ताशी १२ किमीला ३२ मिली ऑक्सिजन, कमाल नाडी १८४, शेवटचा आरईआर (श्वासातल्या दोन वायूंचं गुणोत्तर, पुढे सांगते) १.१६, मिनिटाला ९८ लिटर हवा. पुढे एक ओळ: "दाढी आहे, पण ट्रिम केलेली."

गेली १७ वर्षं धावणाऱ्यांच्या तोंडावर हे मास्क बांधण्याचंच काम करते आहे. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा पुरावा तुम्ही तक्रार म्हणून जाता जाता लिहून टाकलात: चष्म्यावर वाफ धरत होती. ती वाफ कुठून आली? तुमच्याच उच्छ्वासातून. नाकाच्या दांड्यापाशी मास्क आणि कातडी यांच्यात फट होती आणि दर श्वासाला थोडी हवा तिथून डोळ्यांकडे निसटत होती. ती हवा यंत्राने मोजलीच नाही.

मास्कच्या तोंडाशी बोटभर लांबीची नळी असते. तिच्यात एक हलकं पातं फिरतं, त्याला टर्बाइन म्हणतात. किती हवा गेली हे त्या पात्याच्या फेऱ्यांवरून कळतं. त्याच जागेतून एक बारीक नळी हवेचा नमुना ओढून विश्लेषकाकडे नेते आणि त्यात ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती ते ठरतं. दोन्हींचा गुणाकार झाला की तुमचा ऑक्सिजन-वापर मिळतो. म्हणजे पात्यातून जी हवा गेली नाही ती तुम्ही सोडलीच नाही, असं यंत्र धरून चालतं. आत घेताना मास्क चेहऱ्याला आपोआप चिकटतो, कारण आत दाब कमी होतो. सोडताना आतला दाब वाढतो आणि मास्क किंचित उचलला जातो. त्यामुळे गळती बहुतेक वेळा सोडतानाच होते, आणि यंत्राचा बराचसा हिशेब सोडलेल्या हवेवरच असतो.

आता तुमचा ताशी १२ किमीचा आकडा बघू. या वेगाला मिनिटाला २०० मीटर होतात. ३२ मिली म्हणजे किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला, १६० मिली. हौशी धावकांचा हा खर्च साधारण २०० च्या आगेमागे असतो, चांगल्या सराववाल्यांचा १८०-१९० पर्यंत येतो. तुलनेला जगातले अव्वल लोक घेऊ. दोन तासांच्या मॅरेथॉनच्या प्रयत्नासाठी ज्यांच्या चाचण्या झाल्या त्या १६ धावपटूंचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ताशी २१.१ किमीने धावताना ५९ किलोच्या माणसाला मिनिटाला साधारण ४ लिटर ऑक्सिजन लागतो, असं त्यातून निघालं. भागाकार केला तर किलोमीटरमागे १९० च्या थोडं वर. १६० च्या आसपासचे आकडे जगात फार थोड्या जणांच्या नावावर आहेत. राग मानू नका, पण १० किमीला ४४ मिनिटं लागणारा माणूस त्या यादीत बसत नाही.

तुमचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला असता तर शेवटच्या पानावरचा मोठ्या अक्षरातला ४१ मी आधी पाहिलाच नसता. सुरुवातीच्या सोप्या वेगांचे आकडे पाहिले असते. तिथे शरीर काय खर्च करणार याचा अंदाज आधीच असतो, म्हणून यंत्राची चूक तिथेच पकडता येते. कमाल आकडा प्रत्येकाचा वेगळा, त्याच्यावरून काहीच ओळखता येत नाही.

"पण आरईआर तर १.१६ आला, म्हणजे चाचणी व्यवस्थित झाली ना?" असं तिथल्या मुलाने तुम्हाला सांगितलं असेल. बहुतेक जण तसंच सांगतात. आरईआर म्हणजे सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन. शेवटी तो १.१० च्या वर गेला की माणसाने जीव तोडून प्रयत्न केला असं मानतात. तुम्ही तो केला यात शंका नाही, नाडीही तेच सांगते. पण गळतीत दोन्ही वायू एकाच प्रमाणात निसटतात. वरचा आकडा २० टक्के कमी, खालचाही २० टक्के कमी, भागाकार जसाच्या तसा. गळणारा मास्क म्हणूनच इतका गोड दिसतो: आरईआर छान, नाडी छान, आलेख गुळगुळीत, फक्त सगळं थोडं खाली.

आर्द्रतेची चूक याच्या बरोबर उलट दिसते. आपल्या किनारपट्टीवरच्या प्रयोगशाळांना ती फार छळते, म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी काम करत होते. जूनमधली गोष्ट. सकाळी एसी चालू असताना यंत्राचं कॅलिब्रेशन केलं (म्हणजे माहीत असलेल्या मापाशी त्याचे आकडे जुळवून घेतले), दुपारी एसी बंद पडला आणि खिडक्या उघडल्या. बाहेर पावसाळी दमट हवा. दुपारनंतर आलेल्या तीन मुलांचे आकडे भलतेच चढले. पोरं खूश, प्रशिक्षक त्याहून खूश. मला खटकलं ते एवढंच, की पोरं कठड्याला लोंबकळेपर्यंत धावली, तरी एकाचाही आरईआर १ च्या वर जाईना. कारण सरळ होतं. नमुन्याची नळी आजूबाजूच्या हवेइतकी ओल धरते. २४ अंशांच्या कोरड्या खोलीत बाष्पाचा दाब १० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो, ३० अंशांच्या दमट खोलीत २५ च्या पुढे. बाष्पाने जागा व्यापली तेवढा नमुन्यातला ऑक्सिजन पातळ झाला. यंत्राने समजून घेतलं की हा ऑक्सिजन धावणाऱ्याने वापरला. आत घेतलेल्या आणि सोडलेल्या हवेतल्या ऑक्सिजनचा फरक जेमतेम चार टक्के असतो, त्यामुळे बाष्पाचा दोन टक्क्यांचा फेरसुद्धा उत्तराला दहा टक्क्यांच्या घरात हलवतो. त्या तिघांना दुसऱ्या आठवड्यात परत बोलावलं. नवे आकडे सांगताना प्रशिक्षकाचा चेहरा बघवत नव्हता.

म्हणून माझ्या वहीत एक खूण आहे: सोप्या वेगाला ऑक्सिजन कमी आणि आरईआर ठीक, तर मास्क बघ, ऑक्सिजन जास्त आणि आरईआर विचित्र खाली, तर हवा बघ.

आता तुमचा मूळ प्रश्न: अडथळ्याने आकडा पडतो का?

घुसमट खरी होती. चाचणीच्या शेवटी तुमच्यासारखा माणूस मिनिटाला सुमारे १२० लिटर हवा आत-बाहेर करतो (रिपोर्टातले ९८ हे गळती वजा जाऊन उरलेले). यातला निम्मा वेळ आत घेण्यात जातो. म्हणजे आत घेताना सरासरी सेकंदाला चार लिटर आणि मधल्या क्षणी त्याहून जास्त. नळीतल्या हवेचा अडथळा वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, प्रवाहात भोवरे सुरू झाले की तो फार झपाट्याने चढतो. म्हणूनच बसून मास्क लावला की "काहीच वाटत नाही" म्हणणारे लोक ताशी १४ किमीला मास्क ओरबाडायला निघतात. बऱ्या अवस्थेतलं आधुनिक टर्बाइन तरीही फार अडवत नाही. लाळ साचलेलं किंवा पातं अडकणारं असेल तर गोष्ट वेगळी.

छातीचे स्नायू फुकट राबत नाहीत. कमाल श्रमाच्या वेळी शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी साधारण १० टक्के श्वसनाचे स्नायूच खातात, मुरलेल्या खेळाडूंमध्ये १५ टक्क्यांपर्यंत. विस्कॉन्सिन विद्यापीठात जेरोम डेम्प्सी यांच्या गटाने १९९० च्या दशकात सायकलपटूंवर फार सुंदर प्रयोग केले. श्वासावर मुद्दाम जादा भार टाकला तेव्हा पायांकडे जाणारं रक्त सुमारे ७ टक्क्यांनी घटलं. यंत्राने श्वासाला मदत केली तेव्हा ते ४ टक्क्यांच्या आसपास वाढलं. आणि ९० टक्के क्षमतेला दमेपर्यंत टिकण्याचा वेळ भाराने साधारण १५ टक्क्यांनी कमी झाला, मदतीने तितकाच वाढला. पण जादा भाराखाली शरीराचा एकूण कमाल ऑक्सिजन-वापर मात्र फारसा हलला नाही. पायांचा वाटा छातीने ओढून घेतला, बेरीज तीच राहिली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. श्वासाचं उपकरण तुमचा वेग आणि टिकण्याचा वेळ खातं, व्हीओटू मॅक्सचा आकडा त्यामानाने फार कमी खातं. मोकळ्या तोंडाने कदाचित तुम्ही ताशी १५.५ किंवा १६ चा टप्पा गाठला असता. पण ५० चे ४१ करायला लागणारा अडथळा चाचणीच्या मास्कमध्ये नसतो. तेवढा असता तर तुम्ही १२ किमीच्या वेगालाच थांबला असता.

अडथळ्याशिवाय दुसरी गोष्ट म्हणजे मास्कच्या पोटातली जागा. सोडलेली हवा तिथे थोडी उरते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत जाते. आपल्या श्वासमार्गात अशी सुमारे १५० मिली जागा मुळातच आहे, मास्कने तिच्यात आणखी शंभर-एक मिलीची भर पडते. बसल्या बसल्या श्वास अर्ध्या लिटरचा, त्यात १०० मिली म्हणजे पाचवा हिस्सा. म्हणून मास्क लावून खुर्चीत बसलेला माणूस नकळत खोल श्वास घेऊ लागतो, आणि "विश्रांतीचे" आकडे म्हणून जे छापून येतं त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही. धावताना श्वास अडीच लिटरचा झाला की तीच जागा चार टक्क्यांवर येते. मोठ्या माणसाला हे फारसं जाणवत नाही. शाळकरी मुलं आणि लहान चणीच्या मुली यांना जाणवतं, कारण त्यांचा श्वासच लहान. शाळकरी मुलीला मध्यम मापाचा मास्क "बसतोय ना" म्हणत चढवलेला मी अनेकदा पाहिलाय. तिथे जागाही जास्त आणि हनुवटीखाली गळतीही.

मास्क आला तो सोयीसाठी. त्याआधी तोंडात रबरी माउथपीस आणि नाकाला चिमटा असायचा, अजूनही काही प्रयोगशाळांत असतो. क्लॉड डग्लस यांनी १९११ मध्ये श्वास साठवायची पिशवी आणली. १९२० च्या दशकात मँचेस्टरमध्ये ए. व्ही. हिल ती पाठीवर बांधून गवतावर स्वतः गोल गोल धावले, आणि "ऑक्सिजन-वापराला एक कमाल मर्यादा असते" ही कल्पना तिथून रुजली. डग्लस बॅग आम्ही शिकताना वापरली आहे. मिनिटाला १२० लिटर सोडणारा धावक १५० लिटरची पिशवी सव्वा मिनिटात टम्म फुगवतो. कोणीतरी घड्याळ हातात धरून नळाची चावी फिरवायची, मग पिशवी रिकामी करत मीटरने मोजायची. चावी फिरवायला दोन सेकंद उशीर झाला की चूक तुमच्या हाताची. तरी आजही एखादं नवं यंत्र खरं बोलतंय का हे तपासायचं असेल तर त्या पिशवीशीच ताडून बघतात.

माउथपीसचा फायदा असा की दाढी, नाकाचा उंचवटा, गालाची खळी यांचा प्रश्नच उरत नाही. ओठांनी घट्ट धरलं की गळती जवळजवळ शून्य. तोटा असा की तोंड कोरडं पडतं, लाळ गिळता येत नाही, बोलता येत नाही. किती दमलात हे बोटाने तक्त्यावर दाखवावं लागतं. डोक्याच्या पट्ट्याला लटकलेली जाड नळी दर पावलाला हिंदकळते, दात दुखतात. शिवाय चिमट्याने नाक बंद झालं की श्वासाची लयच बदलते, दोन पावलांना एक श्वास अशी ज्यांची सवय मुरलेली असते त्यांची तर हमखास. मी विचारून ठरवते. पहिल्यांदा येणाऱ्याला मास्क. संशोधनासाठी किंवा दाढीवाल्याला माउथपीस.

यात एक वाकडी गोष्ट दम्याच्या संशयाची. काही धावकांना पहाटेच्या कोरड्या थंड हवेत शर्यतीनंतर खोकला येतो, छाती आवळते. ते चाचणीला येतात आणि मास्कखाली काहीच होत नाही. मास्कमध्ये उरलेली हवा उबदार आणि ओली असते, ती छातीतल्या श्वासाच्या नळ्यांना चुचकारते. असं असेल तर व्हीओटू मॅक्सच्या चाचणीवरून "तुम्हाला काही नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्यासाठी कोरडी हवा देऊन वेगळी तपासणी असते, आधी आणि नंतर फुंकणीची चाचणी घेऊन, आणि ती छातीच्या डॉक्टरांकडे करायची.

ट्रेनिंग मास्क आणि नाकावरच्या पट्ट्यांबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणून दोन वाक्यं. बाजारातला "उंचीचा" मास्क श्वासाला अडथळा करतो, हवेतल्या ऑक्सिजनचा दाब लेहसारखा उतरवत नाही. नाकाच्या पट्टीने रात्री झोप बरी लागत असेल तर जरूर लावा. जोरात धावताना तुम्ही तोंडानेच श्वास घेता.

घड्याळाचं काय? घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. ते तुमचा वेग आणि नाडी यांचं नातं बघून अंदाज बांधतं. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच वेगाला नाडी चढली की ते तुमचा आकडा खाली आणतं, जानेवारीत परत वर. तुमच्या बाबतीत मला त्याचा ५० फार चुकीचा वाटत नाही. ४४ मिनिटांत १० किमी धावणाऱ्याकडे ४० च्या उत्तरार्धातला आकडा असावा, असं मी त्याच्याशिवायही म्हटलं असतं. पण घड्याळाच्या नादाने ४१ ला सव्वा पटीने गुणून "खरा आकडा" काढू नका. गळती दाबाबरोबर बदलते. घामाने मास्क सैल झाला की वाढते, कोणी मध्येच पट्टा ओढला की कमी होते. तुमच्या रिपोर्टातून व्हीओटू मॅक्स आता वाचवता येणार नाही. नाडी आणि वेग मात्र त्यातही खरे आहेत, कारण ते पात्यातून जात नाहीत. लॅक्टेटसाठी (जोराच्या श्रमात रक्तात वाढणारा पदार्थ) बोटाचं रक्त घेतलं असेल तर तेही.

प्रयोगशाळेला चाचणी परत करून मागा. भांडू नका, ताशी १२ किमीची ओळ दाखवा. ज्याला काम कळतं तो लगेच मान्य करेल. परत जाल तेव्हा मास्क बांधून झाल्यावर टर्बाइनच्या जागी तळहात घट्ट दाबायला सांगा आणि जोरात हवा सोडा. कुठूनही गार झुळूक लागली, नाकाच्या दांड्यापाशी, गालावर, हनुवटीखाली, तर माप बदलायचं किंवा पट्टे परत बांधायचे. ही तपासणी उभ्याने एकदा, आणि पाच मिनिटं हळू धावून घाम आल्यावर पुन्हा एकदा. समोरचा पंखा छातीवर मारायला सांगा, तोंडावर नको. पंख्याची हवा थेट पात्यात शिरली की तेही बिचारं फिरत राहतं. तीन लिटरच्या सिरिंजने कॅलिब्रेशन तुमच्यासमोर करा म्हणालात तरी कोणाला राग येऊ नये. आणि चाचणीआधी दहा मिनिटं मास्क लावून नुसतं जॉगिंग करा. घुसमटीतला बराचसा भाग अनोळखीपणाचा असतो, दुसऱ्या खेपेला तो निम्म्यावर येतो.

सहा महिन्यांनी परत तपासणार असाल तर यंत्र तेच, मास्कचं माप तेच, तापमान शक्यतो तेच ठेवा. एकदा मास्क आणि एकदा माउथपीस अशी तुलना केलीत तर सुधारणा तुमची की रबराची ते कोणालाच सांगता येणार नाही.

दाढीचं मात्र स्पष्ट सांगते. दोन-तीन मिलिमीटरची "ट्रिम केलेली" दाढी ही सिलिकॉनच्या कडेखाली गवतासारखी उभी राहते आणि हवा तिच्यातून गाळून जावी तशी जाते.  काढायची नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, "तुमच्याकडे माउथपीस आणि नाकाचा चिमटा आहे का?" नाही म्हणाले तर दुसरी जागा बघा, किंवा आदल्या रात्री वस्तरा फिरवा. आणि चष्मा या वेळी शेवटपर्यंत डोळ्यांवरच राहू द्या. काचेवर वाफ धरली की हात वर करून चाचणी तिथेच थांबवायला सांगा.